एका शस्त्रक्रियेच्या दोन तारखा

जून १९९०. स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारांच्या चाचण्या घेणाऱ्या एनएसएबीपी या अमेरिकी अभ्यासगटाच्या पिट्सबर्गच्या मुख्यालयात माँट्रियलहून आलेले कागद तपासताना एका डेटा मॅनेजरला एकाच बाईच्या शस्त्रक्रियेचे दोन अहवाल सापडले. मजकूर सारखा, फक्त शस्त्रक्रियेची तारीख वेगळी.

या कामातल्या माणसाला असं काही दिसलं की पहिला विचार येतो तो टायपिंगच्या चुकीचा. दिवस-महिना उलटसुलट झाला असेल, जुन्या कागदावरून नवा उतरवताना आकडा चुकला असेल. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तसंच असतं. साइटला, म्हणजे रुग्ण दाखल करणाऱ्या रुग्णालयाला, विचारायचं, साइट दुरुस्ती पाठवते, विषय मिटतो. इथे तो मिटला नाही. त्या एका विसंगतीतून जे बाहेर आलं त्याने चार वर्षांनी अमेरिकी काँग्रेसपर्यंत मजल मारली, एका थोर सर्जनची खुर्ची गेली, आणि स्तन न काढता कर्करोगाचे उपचार घेतलेल्या असंख्य बायकांना आपण घेतलेला निर्णय बरोबर होता का, असा प्रश्न पडला.

अनेक रुग्णालयांतून चालणाऱ्या अभ्यासात डेटाचा समन्वय कसा ठेवावा, हे शिकवताना मी हेच प्रकरण घेतो. सॉफ्टवेअर आलं म्हणून सुटेल अशातला यातला गुंता नाही, म्हणून.

अभ्यास कशाचा होता

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया अमेरिकेत पुढे सत्तर-ऐंशी वर्षं जवळजवळ प्रश्न न विचारता चालू राहिली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळं एकत्र काढून टाकायचं. कर्करोग एका जागेवरून हळूहळू कडेकडेने पसरतो, तेव्हा जितकं जास्त कापाल तितकं बरं, असा त्यामागचा समज. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांचं म्हणणं उलट होतं: रोग शरीरभर जायचा असेल तर तो गाठ हाताला लागण्याआधीच गेलेला असतो, मग जास्त कापून फायदा काय? फिशर १९६७ मध्ये एनएसएबीपीचे प्रमुख झाले आणि या वादाचा निकाल त्यांनी व्याख्यानांतून लावण्याऐवजी चाचण्यांतून लावायचं ठरवलं.

त्यातली बी-०६ ही चाचणी १९७६ मध्ये सुरू झाली. चार सेंटिमीटर किंवा त्याहून लहान गाठ असलेल्या बायकांचे चिठ्ठी टाकून तीन गट करायचे. एका गटात पूर्ण स्तन काढायचा, दुसऱ्यात फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग (लम्पेक्टमी), तिसऱ्यात लम्पेक्टमी आणि नंतर रेडिएशन. काखेतल्या ग्रंथी तिन्ही गटांत काढायच्या.

स्तन राहणार की जाणार, हे चिठ्ठी ठरवणार, असं बाईला समोर बसवून सांगणं सर्जनना जड जात होतं. भरती रखडली. १९७८ मध्ये गटाने पद्धत बदलली: आधी चिठ्ठी टाकायची, मग बाईला तिच्या वाट्याला आलेला उपचार सांगून संमती विचारायची. यावर नैतिक आणि संख्याशास्त्रीय दोन्ही बाजूंनी पुष्कळ टीका झाली, पण भरती वाढली. तरीही शेवटची बाई दाखल व्हायला १९८४ उजाडलं. एकूण २१६३.

मार्च १९८५ मध्ये निकाल छापून आला. स्तन वाचवणाऱ्या बायका स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगत होत्या. रेडिएशन दिलेल्या गटात पाच वर्षांनी ९२.३ टक्के बायकांच्या शस्त्रक्रिया झालेल्या स्तनात रोग परतला नव्हता. रेडिएशन न दिलेल्या गटात हेच प्रमाण ७२.१ टक्के होतं. जगभरातल्या शस्त्रक्रियेच्या खोल्यांमध्ये या आकड्यांनी फरक पडला. जून १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुसंख्य बायकांसाठी स्तन वाचवणारा उपचार योग्य आणि श्रेयस्कर असल्याचं जाहीर केलं. म्हणजे दोन तारखांचा तो कागद आणि ही शिफारस एकाच महिन्यातली. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण पुढे सगळे इतके चिडले का, हे समजायला तो लक्षात ठेवावा लागतो.

कागद कसे फिरत होते

आज साइटवरची कोऑर्डिनेटर ईडीसीमध्ये, म्हणजे चाचणीची माहिती भरायच्या संगणकप्रणालीत, आकडा भरते आणि दुसऱ्या क्षणी तो पुण्यातल्या किंवा बंगळूरुतल्या कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसतो. बी-०६ च्या काळात रुग्ण दाखल करायला रुग्णालयातून पिट्सबर्गला फोन करायचा. पात्रतेचे प्रश्न फोनवर विचारले जायचे, उत्तरं बसली की गट सांगितला जायचा. त्यानंतर कागद टपालाने: दाखल-फॉर्म, शस्त्रक्रियेचा अहवाल, पॅथॉलॉजीचा अहवाल, पुढे दर काही महिन्यांनी फॉलो-अप. मूळ कागद, ज्याला आपण सोर्स म्हणतो, तो रुग्णालयातच. केंद्राकडे येणार ती त्याची प्रत किंवा त्यावरून भरलेला फॉर्म.

या रचनेत केंद्राला साइटचं जे दिसतं ते साइट दाखवील तेवढंच. म्हणून ऑडिट असतं. ठरावीक वर्षांनी माणसं पाठवायची, काही रुग्णांच्या फाइली मागवायच्या, फॉर्मशी ताडून पाहायच्या. एनएसएबीपीत हेही होत होतं. तरी माँट्रियलची भानगड ऑडिटने पकडली नाही, टेबलावरच्या तपासणीने पकडली. मॉनिटर, म्हणजे केंद्राचा तपासनीस, साइटवर गेला म्हणजे सगळं कळतं, या समजाला तिथेच पहिला धक्का बसतो. ऑडिटवाल्यासमोर जी फाइल येते ती साइटने काढून ठेवलेली असते, आणि ती फाइलच खोटी असेल तर फॉर्मशी ती उत्तम जुळणार.

साइट होती माँट्रियलचं सेंट ल्यूक रुग्णालय, तिथले प्रमुख संशोधक डॉ. रॉजर प्वासाँ. १९७७ ते १९९० या काळात त्यांनी एनएसएबीपीच्या वेगवेगळ्या चाचण्यांत सुमारे १५०० बायका दाखल केल्या होत्या. एकट्या बी-०६ मध्ये ३५४, म्हणजे एकूण भरतीच्या १६ टक्के. एवढी भरती करणारी साइट कुठल्याही समन्वय केंद्राला लाडकी असते. बैठकीत तिचं कौतुक होतं, बाकीच्यांना तिचं उदाहरण दिलं जातं. तिच्यावर क्वेरी टाकताना, म्हणजे माहितीबद्दल लेखी शंका विचारताना, हात जरा आखडतो, हे या धंद्यातलं कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

काय बदललं जात होतं

सप्टेंबर १९९० मध्ये पिट्सबर्गची माणसं माँट्रियलला जाऊन आली. आणखी विसंगती निघाल्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये एनएसएबीपीने राष्ट्रीय कर्करोग संस्थेला (एनसीआय) कळवलं आणि प्वासाँ यांना गटातून थांबवण्यात आलं. पुढची चौकशी अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयाकडे गेली. ती १९९३ मध्ये पूर्ण झाली: ९९ रुग्णांच्या बाबतीत खोट्या किंवा बदललेल्या माहितीचे ११५ प्रकार. काही रुग्णांचे दोन संच ठेवलेले होते, एकावर फ्रेंचमध्ये ‘खरं’ आणि दुसऱ्यावर ‘खोटं’ असं लिहिलेलं. प्वासाँ यांना आठ वर्षं अमेरिकी सरकारी संशोधन-निधीपासून दूर ठेवण्यात आलं.

बदल बहुतेक पात्रतेशी निगडित होते. निदान आणि दाखल होणं यांत ठरावीक दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं असेल तर बाई अपात्र. मग बायोप्सीची किंवा शस्त्रक्रियेची तारीख पुढे सरकवायची. एखाद्या चाचणीला हॉर्मोन रिसेप्टरची (गाठ हॉर्मोनला प्रतिसाद देईल का, हे सांगणाऱ्या तपासणीची) विशिष्ट किंमत लागते आणि ती बसत नाही. मग आकडा फिरवायचा.

प्वासाँ यांनी नंतर जाहीरपणे जे सांगितलं त्याचा आशय असा: नियमांतल्या छोट्या तांत्रिक अटींमुळे बाईला चांगल्या उपचाराची संधी नाकारणं मला पटत नव्हतं. हे ऐकून कुणी हसेल, कुणी संतापेल. मी ते गंभीरपणे घेतो, कारण हेच वाक्य वेगळ्या शब्दांत आजही साइटवर ऐकू येतं. ‘सर म्हणाले दोनच दिवस जास्त आहेत, घ्या.’ ‘पेशंट लांबून आलाय, परत कुठे पाठवणार?’ दया खरी असू शकते. पण ज्या माणसाला प्रोटोकॉलची, म्हणजे चाचणीच्या लेखी नियमावलीची, अट मूर्खपणाची वाटते त्याने ती अट बदलून घ्यायला केंद्राशी भांडावं, किंवा बाईला चाचणीबाहेर तोच उपचार द्यावा. तारीख बदलणं हा तिसरा रस्ता. तो सोपा असतो कारण त्यावर कुणाची सही लागत नाही.

शिवाय दयेचं स्पष्टीकरण जितकं लागू पडतं तितकंच भरतीच्या आकड्यांचंही. भरतीवर निधी अवलंबून होता, शोधनिबंधांवर नाव अवलंबून होतं. दोन्ही कारणं एकाच माणसात एकत्र नांदू शकतात, आणि बहुधा नांदत होतीच.

आठ महिने, मग तीन वर्षं

प्रकरणातला खरा बिघाड माझ्या मते इथे आहे. विसंगती जूनमध्ये दिसली, एनसीआयला फेब्रुवारीत कळलं. आठ महिने हा आजच्या हिशेबाने अक्षम्य काळ, पण त्या काळासाठी तो समजून घेता येतो: साइट दुसऱ्या देशात, कागद फ्रेंचमध्ये, आरोप गंभीर, आधी खात्री करून घेऊ असं वाटणारच. समजून घेता येत नाही ते पुढचं. १९९१ मध्ये आत सगळ्यांना माहीत होतं. १९९३ मध्ये चौकशीचा निष्कर्ष सरकारी राजपत्रात आला. पण ज्या नियतकालिकाने १९८५ चा आणि १९८९ चा निकाल छापला होता त्याच्या वाचकांना, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, यातलं काही सांगितलं गेलं नाही. फिशर यांचं म्हणणं होतं की आम्ही सेंट ल्यूक वगळून हिशेब करून पाहिला आहे, निष्कर्ष बदलत नाही, मग गोंधळ कशाला.

१३ मार्च १९९४ ला शिकागो ट्रिब्यूनने बातमी दिली. बायकांना ती वर्तमानपत्रातून कळली. स्तन राखण्याचा निर्णय ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी घेतला होता त्यांनी डॉक्टरांना फोन सुरू केले. एनसीआयने महिना संपायच्या आत फिशर यांना एनएसएबीपीच्या प्रमुखपदावरून दूर करायला लावलं. एप्रिलमध्ये काँग्रेसच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. टॅमॉक्सिफेन या औषधाने स्तनाचा कर्करोग टाळता येतो का, हे पाहणारी गटाची दुसरी मोठी चाचणी, जिचा या सगळ्याशी संबंध नव्हता, तिची भरती थांबवली गेली. फिशर यांच्या शंभराहून जास्त निबंधांच्या संगणकीय नोंदींवर ‘शास्त्रीय गैरवर्तन’ अशी सरकारी खूण लागली. त्यातल्या कित्येक निबंधांत सेंट ल्यूकचा एकही रुग्ण नसेल, पण खूण सरसकट. ती काढायला फिशर यांना न्यायालयात जावं लागलं. १९९७ मध्ये ते निर्दोष ठरले. पिट्सबर्ग विद्यापीठाने माफी मागितली आणि २७.५ लाख डॉलर दिले.

सरकारी यंत्रणेने आधी डोळेझाक केली आणि मग लोकांसमोर कडक दिसण्यासाठी सापडेल त्याला झोडपलं, असं माझं मत आहे. पण फिशर यांचं गप्प बसणं मला तरीही चूकच वाटतं. आकडे बरोबर आहेत हे त्यांना माहीत होतं. वाचकाला ते माहीत असण्याचा मार्ग त्यांच्याच हातात होता.

निष्कर्ष टिकला कसा

‘एवढी लबाडी झाली तर मग निकाल खरा कसा?’ हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो.

सेंट ल्यूकमध्ये बदललेली माहिती मुख्यतः दाखल होण्याआधीची होती. कोणती बाई कोणत्या गटात जाणार हे पिट्सबर्गहून चिठ्ठीने ठरत होतं. अपात्र बाई दाखल झाली तरी ती तिन्ही गटांत सारख्याच शक्यतेने जाणार. त्यामुळे चाचणीतल्या बायका प्रोटोकॉलने सांगितल्या त्याहून थोड्या वेगळ्या असतील, पण एका गटाला दुसऱ्याच्या तुलनेत झुकतं माप मिळायचं कारण नाही. लबाडी रोग परतला की नाही किंवा बाई जिवंत आहे की नाही यांत झाली असती, आणि तीही एका गटापुरती, तर गोष्ट पार वेगळी होती.

हा युक्तिवाद बरोबर आहे, पण बी-०६ च्या बाबतीत त्यात एक भोक राहतं आणि ते सहसा कुणी दाखवत नाही. १९७८ नंतर गट आधी कळत होता आणि संमती नंतर. म्हणजे साइटला बाईचा गट ठाऊक असताना कागद तयार होत होते. अशा वेळी कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला अपात्र म्हणून सोडायचं यात गटाची जाणीव मिसळू शकते. तशी ती मिसळलीच असं मी म्हणत नाही. पण ‘बदल आधीचे होते, म्हणून निकाल आपोआप सुरक्षित’ एवढं म्हणून भागत नव्हतं. हिशेब पुन्हा करून दाखवणं गरजेचंच होतं.

तो करून दाखवला गेला, पण १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये. बारा वर्षांच्या पाठपुराव्यासह, सेंट ल्यूक धरून आणि वगळून, दोन्ही पद्धतींनी. त्या स्तनात रोग परतण्याचं प्रमाण फक्त लम्पेक्टमीत ३५ टक्के, रेडिएशनसह १० टक्के. जगण्यात तिन्ही गटांत फरक नाही. सेंट ल्यूकच्या ३५४ वजा केल्या तरी १८०९ बायका उरत होत्या, आणि निष्कर्ष हलला नाही. त्याच सुमारास एनसीआयने स्वतःची माणसं बाकीच्या साइटवर पाठवून त्यातल्या बहुसंख्य बायकांच्या मूळ नोंदी तपासल्या. तिथे मूळ माहिती जुळली. २००२ मध्ये वीस वर्षांचा निकाल आला: रोग परतण्याचं प्रमाण ३९.२ विरुद्ध १४.३ टक्के, जगण्यात फरक नाही. त्याच अंकात मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांच्या ७०१ बायकांच्या चाचणीचाही वीस वर्षांचा निकाल होता. वेगळा देश, वेगळी माणसं, शस्त्रक्रिया थोडी वेगळी, उत्तर तेच.

सोळा टक्के माहिती संशयास्पद निघाल्यावरही चाचणी उभी राहिली याचं श्रेय मांडणीला आहे: मध्यवर्ती चिठ्ठी, भरपूर साइट, आणि प्रत्येक रुग्णासमोर साइटचा क्रमांक. शेवटची गोष्ट फार साधी वाटते. पण साइट वेगळी काढता येते म्हणूनच ती वगळून हिशेब करता येतो. वेगवेगळ्या रुग्णालयांतून एकत्र केलेल्या माहितीत मी कधी कधी साइटचा रकाना शेवटच्या फाइलमधून गाळलेला पाहतो, ‘ओळख लपवण्यासाठी’. साइटला सांकेतिक क्रमांक द्या, पण रकाना ठेवा.

आज ते टेबलावर आलं असतं तर

आज तारखेचा रकाना बदलला की ईडीसी विचारतं: कारण? जुनी किंमत पुसली जात नाही. कुणी, कधी, कशावरून बदलली हे मागे राहतं. सातबाऱ्यावर नाव बदललं की फेरफार क्रमांक पडतो, तसंच. १९९० मध्ये ही सोय नव्हती. दुसरा कागद पहिल्याच्या जागी फाइलला लागला असता तर पहिला कुठे गेला हे कुणी विचारलंही नसतं. दोन्ही कागद पिट्सबर्गला शिल्लक होते आणि कुणीतरी ते शेजारीशेजारी ठेवून वाचले, एवढ्यावर सगळं उघड झालं.

पण बदलांचा हा माग, म्हणजे ऑडिट ट्रेल, फक्त स्क्रीनवरचा बदल पकडतो. साइटने पहिल्यांदाच खोटी तारीख भरली तर तो गप्पच राहणार. त्यासाठी साइटच्या आकड्यांचा एकत्र आकार बघावा लागतो. समजा अट अशी आहे की बायोप्सीपासून २८ दिवसांच्या आत दाखल करायचं. खऱ्याखुऱ्या साइटवर काही बायका ९ व्या दिवशी येतात, काही १७ व्या, काही २६ व्या, आणि काही ३३ व्या दिवशी येऊन अपात्र ठरतात. एखाद्या साइटवर २६, २७, २८ यांचीच रास लागली आणि अपात्र एकही नाही, तर तिथे एखादी क्वेरी टाकून भागत नाही. तक्ता घेऊन माणसाने जायला हवं. ज्या साइटला एकही स्क्रीन फेल्युअर (तपासणीत अपात्र ठरलेला रुग्ण) नाही तिचं अभिनंदन करण्याआधी तिच्या स्क्रीनिंग लॉगवर, म्हणजे तपासलेल्या सगळ्या रुग्णांच्या यादीवर, नजर टाकावी, हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

क्वेरीच्या भाषेचाही प्रश्न आहे. ‘शस्त्रक्रियेची तारीख तपासून दुरुस्त करावी’ अशी क्वेरी टाकली की साइटला कळतं की केंद्राला कोणती तारीख हवी आहे. अपात्र ठरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर ती जवळजवळ इशाराच होते. त्याऐवजी ‘अमुक तारखेच्या आणि तमुक तारखेच्या अशा दोन नोंदी आल्या आहेत, मूळ शस्त्रक्रिया-नोंदीची प्रत पाठवावी, दोन्ही नोंदी कायम ठेवाव्यात’ असं लिहिलं तर दार उघडं राहत नाही. आपल्याकडच्या डेटा मॅनेजमेंटच्या कचेऱ्यांत क्वेरी किती दिवसांत बंद झाली यावर माणसाचं मूल्यमापन होतं, आणि त्यातून पहिल्या प्रकारची भाषा फोफावते. मोजायचंच असेल तर पात्रता बदलणाऱ्या किती दुरुस्त्या कोणत्या साइटकडून आल्या, हे मोजावं. बहुतेक डॅशबोर्डवर ते दिसत नाही.

नियमही बदलले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने जोखमीनुसार देखरेखीची मार्गदर्शिका काढली, २०१६ मध्ये आयसीएच या औषध-नियमनातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सुधारित जीसीपीत (चाचण्या नीट चालवण्याच्या नियमांत) मध्यवर्ती देखरेख आली. भारतात जून २००९ पासून सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणी नोंदवणं सक्तीचं आहे, २०१९ पासून नवे औषध व वैद्यकीय चाचणी नियम लागू आहेत. आता विसंगती शोधण्याची साधनं भरपूर आहेत. ती सापडल्यावर काय करायचं, याबाबत मात्र बऱ्याच डेटा मॅनेजमेंट प्लॅनमध्ये एक पोकळ वाक्य असतं: ‘योग्य त्या व्यक्तीस कळवावे.’

मी त्या जागी नावं आणि मुदती लिहायला लावतो. एकाच रुग्णाच्या दोन मूळ नोंदी परस्परविरोधी असतील आणि त्यातली एक त्याला अपात्र ठरवत असेल, तर डेटा मॅनेजरने त्याच दिवशी साइटला न विचारता आधी संख्याशास्त्रज्ञाला आणि अभ्यासाच्या गुणवत्ता-प्रमुखाला कळवायचं. त्या साइटच्या सगळ्या पात्रता-नोंदी गोठवायच्या, म्हणजे त्यात पुढचा बदल परवानगीशिवाय होणार नाही. साइटवर जायचं ते अचानक, आणि फाइली साइटने निवडायच्या नाहीत, रुग्णालयाच्या नोंदणी विभागातून थेट मागवायच्या. साइटचा डेटा पुसायचा नाही. खूण करून ठेवायचा आणि विश्लेषण धरून-वगळून दोन्ही करायचं, कारण दाखल झालेल्या बाईला हिशेबातून गायब करण्याचा हक्क आपल्यालाही नाही. प्रायोजक आणि नैतिकता समिती यांना किती दिवसांत कळवायचं, तेही आकड्यात.

आणि एक रकाना हमखास रिकामा सापडतो: निकाल आधीच छापलेला असेल तर नियतकालिकाला पत्र कुणी लिहायचं? पुनर्विश्लेषणाला दोन वर्षं लागोत, ‘अमुक साइटच्या माहितीबद्दल शंका आहे, तपासणी चालू आहे, ती साइट वगळून केलेला प्राथमिक हिशेब असा’ एवढं चार ओळींचं पत्र दोन आठवड्यांत जाऊ शकतं. फिशर यांच्याकडे १९९१ मध्ये ते लिहायला लागणारी सगळी माहिती होती. मला वाटतं, अभ्यासगट, एनसीआय आणि चौकशी कार्यालय या तिघांपैकी कुणाच्याच कामांच्या यादीत ते पत्र नव्हतं.